रिपोर्ट निगेटिव्ह, ताप मात्र तसाच

जुलै लागला की ठाण्यातल्या लॅबच्या काउंटरवर एक संवाद रोज ऐकू येतो. मुलाला दोन-तीन दिवस सणकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. डॉक्टरांनी डेंग्यू धरूनच उपचार सुरू केलेत. आणि हातातल्या कागदावर छापलंय, ‘डेंग्यू : निगेटिव्ह’. आई विचारते, ‘‘मॅडम, मग चुकलं कोण? डॉक्टर की तुम्ही?’’

त्याच आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात ‘फुल बॉडी चेकअप’चं शिबिर होऊन गेलेलं असतं. सकाळी उपवनला फेऱ्या मारणारा धडधाकट गृहस्थ पंधरा पानांचा रिपोर्ट घेऊन येतो. ऐंशी तपासण्या, त्यातले चार आकडे ठळक ठशात. त्याला काहीही होत नसतं, पण झोप उडालेली असते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची असते, पण ती काउंटरवरच्या गर्दीत दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. बहुतेक वेळा डॉक्टर चुकलेले नसतात आणि लॅबही चुकलेली नसते. रिपोर्ट खरा असतो, फक्त आपण त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचं उत्तर मागत असतो. ‘मला हा आजार आहे का?’ याचं उत्तर एकटा रिपोर्ट देत नाही. तपासणीच्या आधी जी शंका होती, ती त्याने किती वाढली किंवा किती कमी झाली, एवढंच तो सांगतो. म्हणून आधीची शंका किती होती, हे माहीत असल्याशिवाय रिपोर्ट वाचताच येत नाही.

## तपासणी दोन तऱ्हांनी चुकते

प्रत्येक तपासणीवर दोन कामं सोपवलेली असतात. ज्याला आजार आहे त्याला पकडायचं, आणि ज्याला नाही त्याला मोकळं सोडायचं. आजार असलेल्या शंभर जणांपैकी जितक्यांना ती पकडते, तो आकडा म्हणजे तिची संवेदनशीलता. आजार नसलेल्या शंभरांपैकी जितक्यांना ती बरोबर मोकळं सोडते, ती तिची विशिष्टता. हे दोन शब्द एवढे लक्षात ठेवा. पुढे शक्यतो मी ‘पकडणं’ आणि ‘सोडणं’ असंच म्हणेन.

ही दोन कामं वेगवेगळी आहेत आणि एकात हुशार असलेली तपासणी दुसऱ्यात कच्ची असू शकते. कोविडच्या काळातलं उदाहरण बहुतेकांनी घरात अनुभवलंय. जून २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा त्याच्या पडताळणीचे आकडेही जाहीर केले होते. विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के. म्हणजे कोविड नसलेल्याला हे किट जवळजवळ कधीच अडकवत नव्हतं, पण कोविड झालेल्यांपैकी कधी सहातला एक, तर कधी जवळजवळ निम्मे निसटत होते. नियमही त्यावरूनच ठरला: अँटिजेन पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्ह धरा, लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करा. तेव्हा ‘‘एकच माणूस, दोन रिपोर्ट, हा काय घोळ?’’ म्हणून लोक चिडले होते. घोळ नव्हता. किट जे करायला बनलं होतं तेच करत होतं.

मग दोन्ही बाजूंनी शंभर टक्के बरोबर अशी तपासणी का बनवत नाहीत? कारण निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह, ही रेघ माणसांनी आखलेली आहे. १२५ आणि १२६ या दोन शरीरांत काही भिंत नसते. रेघ खाली आणली तर आजारी जास्त सापडतात, पण निरोगीही जास्त अडकतात. वर नेली तर उलटं होतं. रेघ कुठेही आखा, कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच.

## वाशीच्या बाजारातला हापूस

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तो अवघड वाटतो, पण ज्याने वाशीच्या फळ बाजारातून एप्रिलमध्ये आंब्याची पेटी आणली आहे त्याला तो आधीच कळलेला आहे.

समजा, तुमच्या काकांना वासावरून हापूस ओळखता येतो. खरे हापूस शंभर दिले तर नव्वद ओळखतात. दुसऱ्या जातीचे शंभर दिले तर त्यातल्या पाचांनाच चुकून हापूस म्हणतात. नाक चांगलंच म्हणायचं. काकांना देवगडच्या बागेत उभं करा. त्यांनी एक आंबा हुंगून ‘हापूस’ म्हटलं, तर तो हापूसच असणार, कारण तिथे दुसरं फारसं काही नाहीच. आता त्याच काकांना अशा ढिगासमोर बसवा, ज्यात शंभरात एकच हापूस आहे आणि बाकी सगळा बाहेरून आलेला आंबा आहे. नाक तेच, वास घेण्याची पद्धत तीच. पण आता त्यांनी ‘हापूस’ म्हणून बाजूला काढलेल्या आंब्यांत बहुतेक आंबे हापूस नसतील. नव्व्याण्णवांतल्या पाच टक्क्यांची चूक ही एका खऱ्या आंब्यापेक्षा कितीतरी मोठी भरते. काकांचं नाक बिघडलेलं नाही, ढीग बदललाय.

तपासणीचं किट म्हणजे काकांचं नाक. आणि ढीग म्हणजे ज्यांची तपासणी करतोय ती माणसं.

## दोन हजारांची सोसायटी, दोन हजारांची ओपीडी

हेच माणसांवर करून बघू. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्याही विशिष्ट किटचे नाहीत. तपासणी अशी की आजारी शंभरांतले ९० पकडते आणि निरोगी शंभरांतले ९५ सोडते.

एका मोठ्या सोसायटीत २,००० रहिवासी आहेत. कुणालाच काही त्रास नाही, पण शिबिर आहे म्हणून सगळ्यांनी रक्त दिलं. त्यांच्यातल्या एका टक्क्याला, म्हणजे २० जणांना आजार आहे असं धरू. तपासणीने २० पैकी १८ पकडले, दोघे निसटले. उरलेले १,९८० निरोगी. त्यांच्यातले पाच टक्के म्हणजे ९९ जण विनाकारण पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह ११७ आणि त्यांच्यातले खरे आजारी १८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी पंधरांनाच आजार आहे. बाकी पंच्याऐंशी जण उगाच रात्र जागून काढणार.

आता तीच तपासणी तापाच्या ओपीडीत नेऊ. ऑगस्टचा महिना, साथ जोरात, २,००० तापाचे रुग्ण, आणि डॉक्टरांच्या अंदाजाने त्यांच्यातल्या निम्म्यांना डेंग्यू. १,००० पैकी ९०० पकडले गेले, १०० निसटले. उरलेल्या १,००० पैकी ५० विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९५०, त्यातले खरे ९००. इथला पॉझिटिव्ह रिपोर्ट जवळजवळ पक्का.

पण निगेटिव्हकडे बघा. सोसायटीत १,८८३ जण निगेटिव्ह आले आणि त्यांच्यात आजारी फक्त दोन होते. तिथे ‘निगेटिव्ह’ हा शब्द निर्धास्त होण्याइतका भक्कम होता. ओपीडीत निगेटिव्ह आले १,०५०, आणि त्यांच्यात १०० जणांना खरोखर डेंग्यू होता. दर दहा-अकरा निगेटिव्हमागे एक. म्हणून साथीच्या दिवसांत, अंगभर लक्षणं असताना, अनुभवी डॉक्टर एका निगेटिव्ह रिपोर्टवर डेंग्यूचा विचार सोडत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडला नसता.

एकाच तपासणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट शिबिरात कच्चा ठरतो आणि निगेटिव्ह रिपोर्ट ओपीडीत. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं आहे.

## ‘‘पण किटवर तर ९९ टक्के अचूक लिहिलंय!’’

‘अचूक’ हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरला जातो. जो आजार शंभरात एकालाच होतो, त्याच्यासाठी मी रक्तही न घेता सगळ्यांना निगेटिव्ह असा कागद दिला, तरी शंभरांतले नव्व्याण्णव बरोबर निघतील. एकही रुग्ण न पकडता ९९ टक्के अचूक! म्हणून एकच टक्केवारी सांगणाऱ्याला विचारायचं, की ही पकडण्याची आहे की सोडण्याची?

आणि दोन्ही बाजूंनी ९९ असले तरी ढिगाचा प्रश्न उरतोच. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. दहा हजारांत वीस. दोन्ही बाजूंनी ९९ टक्के असलेली एकच तपासणी सगळ्यांवर केली, तर खरे वीस जवळजवळ सगळे सापडतील, पण त्यांच्यासोबत शंभरेक निरोगीही पॉझिटिव्ह येतील. सहातला एकच खरा. एचआयव्हीसारखा शब्द अशा एका कागदाच्या भरवशावर कुणाच्या संसारात टाकायचा का? म्हणूनच नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा नियम आहे, की लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासायचं, आणि तिन्ही पॉझिटिव्ह आली तरच तसं सांगायचं. ‘वेगवेगळ्या’ हे महत्त्वाचं. तुमच्या रक्तातल्या एखाद्या घटकामुळे एक किट फसत असेल, तर तेच किट दहा वेळा लावलं तरी दहा वेळा फसेल. रिपोर्टची खात्री करून घ्यायची तर शक्यतो दुसऱ्या पद्धतीने करून घ्यावी, ती यासाठी.

बाजारात मिळते म्हणजे तपासणी चांगलीच असणार, हाही समज सोडून द्यायला हवा. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांवरून, क्षयरोग ओळखणाऱ्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास होत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आजार नसलेल्यांना सहा-सहा महिने औषधं आणि आजार असलेल्यांना ‘काही नाही’ असा दिलासा, असं दुहेरी नुकसान त्यांनी केलं. आता थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होते, जी थेट जंतूचा अंश शोधते.

## तापाचा कितवा दिवस?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. डेंग्यूच्या बाबतीत ‘कुठली तपासणी’ याच्याइतकंच ‘कुठल्या दिवशी’ हे महत्त्वाचं आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर तो दिवस लिहिलेलाच नसतो.

विषाणू शरीरात आला की त्याचं एनएस१ नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतं, चार-पाच दिवस चांगलं सापडतं आणि मग कमी होत जातं. आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं आयजीएम हे प्रतिपिंड मात्र साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम केलं तर ते निगेटिव्ह येणारच, आणि सातव्या दिवशी एनएस१ केलं तर तेही निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच. दोन्ही रिपोर्ट खरे, आणि दोन्ही वेळा माणसाला डेंग्यू. त्यात ज्यांना पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलाय, त्यांच्यात दुसऱ्या खेपेला एनएस१ सापडणं आणखी अवघड होतं. ठाणे-नवी मुंबईत अशी माणसं पुष्कळ आहेत.

उलट बाजूही आहे. आयजीएम एकदा आलं की दोन-तीन महिने रक्तात रेंगाळू शकतं. जुलैमध्ये डेंग्यू होऊन बरा झालेला माणूस सप्टेंबरमध्ये साध्या विषाणूजन्य तापाने आला आणि आयजीएम पॉझिटिव्ह निघालं, तर तो जुना हिशोब असू शकतो. आयजीजी हे नंतर येणारं आणि दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंड. नुसतं तेच पॉझिटिव्ह असेल तर ते बहुधा पूर्वी कधीतरी होऊन गेल्याची खूण असते.

किटच्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत होणारी रॅपिड तपासणी आणि काही तास घेणारी एलायझा यांतही फरक आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार डेंग्यू पक्का धरण्यासाठी एलायझा लागते. नुसत्या रॅपिडवर पॉझिटिव्ह असेल तर तो संशयित रुग्ण. एलायझाची आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते आणि ती ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांना पुरवली जातात. वर्तमानपत्रात पालिकेने दिलेला डेंग्यूच्या रुग्णांचा आकडा आणि तुमच्या इमारतीतला अनुभव जुळत नाही, त्यामागचं एक कारण हे मोजण्याच्या पद्धतीतलं अंतर आहे.

पावसाळ्यात अजून एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘‘मलेरिया आणि टायफॉईड, दोन्ही निघालंय.’’ कधी खरंच दोन्ही असतात. पण बऱ्याचदा यातला टायफॉईड विडाल या तपासणीतून निघालेला असतो. ही १८९६ सालची तपासणी आहे आणि ती टायफॉईडचा जंतू शोधतच नाही, त्याविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. आपल्याकडे ती प्रतिपिंडं अनेकांच्या रक्तात आधीपासून थोडीफार असतात, आणि दुसऱ्याच कुठल्या तापानेही ती वर जाऊ शकतात. एका विडालवर टायफॉईड ठरवून प्रतिजैविकं सुरू करणं मला अजिबात पटत नाही. खात्रीची वाट म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, तेही शक्यतो पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. गोळी आधी घेतली की जंतू वाढत नाहीत आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं.

मलेरियाचंही तसंच. एका काचपट्टीत परजीवी दिसला नाही म्हणून विषय संपत नाही. शंका कायम असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा रक्त बघतात.

या सगळ्यात एक गोष्ट रिपोर्टपेक्षा मोठी आहे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर कागदावर निगेटिव्ह असो वा पॉझिटिव्ह, कळव्याचं असो की वाशीचं, जवळचं रुग्णालय गाठायचं.

## ठळक ठशातले चार आकडे

आता शिबिरातल्या गृहस्थांकडे येऊ. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जी ‘नॉर्मल’ची मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांसाठी कशी ठरते माहीत आहे? निरोगी माणसांचा एक मोठा गट घेतात, त्यांचे आकडे ओळीने मांडतात आणि मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर. ते अडीच-अडीच टक्केही निरोगीच होते!

म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता प्रत्येक तपासणीत वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. चाळीस केल्या तर ८७ टक्के. ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये सगळं साध्या ठशात आलं तर ती गोष्ट विशेष म्हणायला हवी.

छापलेली मर्यादा तुमच्यासाठीच आहे का, हेही बघावं लागतं. वाढत्या वयाच्या मुलांची हाडं वाढत असतात, त्यामुळे त्यांचं अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडं दोन्हींत असणारं एन्झाइम) मोठ्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर असतं. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापली गेली की बारा वर्षांच्या मुलाचं ‘लिव्हर बिघडलं’ म्हणून घर हवालदिल. गरोदरपणातही हा आकडा वाढतो, आणि ते स्वाभाविक आहे.

## सुईपासून मशीनपर्यंत

आजच्या मशीन फार चांगल्या आहेत. गडबड बऱ्याचदा नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधी झालेली असते.

एक प्रसंग जवळून दाखवते. एका मावशींच्या प्लेटलेट मशीनने ४२,००० दाखवल्या. आपल्या भागात पावसाळ्यात ‘पेशी बेचाळीस हजार’ ऐकलं की नातेवाईक लगेच बेड शोधायला लागतात. पण मावशी समोर बसून शांतपणे चहा पीत होत्या. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्या ठीक. म्हणून त्याच रक्ताची काचपट्टी करून मायक्रोस्कोपखाली घेतली. पट्टीच्या मधल्या भागात प्लेटलेट तुरळक दिसल्या. मग पट्टी सरकवत शेवटच्या पातळ कडेला नेली, आणि तिथे त्या सापडल्या: जांभळ्या, बारीक दाणेदार, वीस-वीस पंचवीस-पंचवीस एकमेकींना चिकटलेल्या, पुंजकेच्या पुंजके. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही थोड्या लोकांमध्ये त्या रसायनामुळेच ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला तो पुंजका प्लेटलेट म्हणून मोजता येत नाही. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. दोन लाखांच्या वर. मावशींच्या अंगात पेशी पहिल्यापासून पुरेशा होत्या.

प्लेटलेट अचानक फार कमी आल्या आणि माणूस ठणठणीत दिसत असेल तर ‘‘स्लाइड बघितली का?’’ हा प्रश्न लॅबला जरूर विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

घरी येऊन रक्त घेण्याची सोय छान आहे, पण रक्त ट्यूबमध्येही जिवंत असतं. साध्या ट्यूबमध्ये ते तसंच राहिलं तर रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि ती तासाला पाच-सात टक्क्यांनी घटते. गायमुखजवळ सकाळी सातला घेतलेलं रक्त चार ठिकाणं फिरून, वाहतुकीत अडकून अकराला लॅबमध्ये आलं तर साखर उगाच कमी दिसेल. यासाठी साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण त्यातलं फ्लोराइड ही घट बऱ्याच प्रमाणात रोखतं. शीर सापडत नाही म्हणून ओढाताण झाली आणि लाल पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे वाचाच. बायोटिनचा मोठा डोस काही मशीनवर थायरॉईडचा रिपोर्ट बिघडवतो. थायरॉईड ठीक असतानाही ते जास्त काम करतंय असं दाखवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता, आणि त्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन तपासणीचाही उल्लेख होता. गोळी चालू आहे हे रक्त देताना सांगा.

आणि दोन लॅबचे आकडे थोडे वेगळे येणं स्वाभाविक आहे. सकाळी एका ठिकाणी प्लेटलेट १,५२,०००, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी १,४५,०००, याला ‘पेशी घसरल्या’ म्हणत नाहीत. एकाच ट्यूबमधलं रक्त एकाच मशीनमधून दोनदा काढलं तरी इतका फरक पडू शकतो.

## ‘‘जास्त तपासण्या केल्या तर बिघडतं कुठे?’’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. दोन-तीन हजारांत सगळं कळत असेल तर वाईट काय?

वाईट हे, की सगळं कळत नाही, आणि जे कळल्यासारखं वाटतं त्याच्यामागे धावावं लागतं. काही पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारे घटक, टाकलेले असतात. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कर्करोगात वाढतो हे खरं, पण तो मासिक पाळीत, गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये आणि एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढतो. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत जास्त असू शकतो. पीएसए हा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर ती ग्रंथी वयानुसार वाढल्यावर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गातही चढतो. हे मार्कर मुख्यतः कामाला येतात ते ठरावीक शंका असताना किंवा निदान झालेल्या रुग्णाचे उपचार लागू पडताहेत का हे बघायला. ऐरोलीतल्या चाळिशीच्या धडधाकट बाईने ते सहज म्हणून केले, तर ती शंभरात एक हापूस असलेल्या ढिगासमोर बसली आहे. मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग ‘एकदा बघूनच घेऊ’ म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला. पैसा जातो, भीती घरात मुक्काम करते आणि प्रत्येक पुढच्या तपासणीला स्वतःचा थोडा धोका असतोच.

याचा अर्थ त्रास नसताना तपासायचंच नाही, असा मुळीच नाही. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारच्या कार्यक्रमातच आहे, आणि ती जरूर करून घ्यावी. मधुमेह आणि रक्तदाब आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणजे ढिगात हापूस पुरेसे आहेत. पाचही आजार लवकर सापडले तर उपचारांचा खरा फायदा होतो, आणि शंका आली तर पक्कं करण्याची ठरलेली वाट आहे. पॅकेजमधल्या ऐंशींपैकी किती तपासण्या या कसोटीला उतरतात, हे मला पॅकेज विकणाऱ्यांना विचारावंसं वाटतं.

## रिपोर्ट हातात आल्यावर

डॉक्टर एखादी तपासणी लिहून देतात तेव्हा विचारायला काहीच हरकत नाही, की हा रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार. दोन्ही वेळा उपचार तेच राहणार असतील, तर ती थांबू शकते का, तेही विचारा. चांगले डॉक्टर याचं उत्तर देतात. तापाचा पहिला दिवस कुठला, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. चालू औषधांची यादी सोबत ठेवा.

मधुमेहाची कसलीही लक्षणं नसताना साखरेचा एकच आकडा रेघेच्या वर गेला, तर पुन्हा तपासून मगच निदान करतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, बघताना हिमोग्लोबिनही बघा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटं वर जाऊ शकतं, आणि रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत ते खोटं खाली येतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता किती आहे हे लक्षात घेतलं, तर हा मुद्दा बारीकसारीक म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

लॅब निवडताना एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता बघावी. ही मान्यता लॅबच्या नावाला सरसकट नसते, तपासणीगणिक असते. त्यामुळे ‘ही तपासणी मान्यतेत येते का आणि इथेच होते की बाहेर पाठवता?’ असं विचारायला हवं.

आणि जुने रिपोर्ट फेकू नका. समजा, तुमचं क्रिएटिनिन चार वर्षं ०.७ येत होतं आणि यंदा १.१ आलं. छापलेल्या मर्यादेत दोन्ही बसतात, ठळक ठसा कुठेच नाही, संगणकाला काहीच खटकणार नाही. पण तुमच्या मूत्रपिंडाचं काम या काळात बरंच उतरलेलं असू शकतं, आणि ते दिसणार फक्त त्याला, ज्याच्यासमोर पाचही कागद एकाखाली एक ठेवलेले असतील.